सदतिसावा खिळा

किल्लीकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी कमरेला टॉवेल, एका गालावर साबण आणि हातात कचऱ्याचा डबा अशा राजेशाही थाटात तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभा होतो. नव्या घरातला पहिलाच दिवस. डबा बाहेर ठेवायला एक पाऊल टाकलं, वाऱ्याने दार ढकललं आणि लॅच म्हणालं, ‘खट्’. तोफखान्यात नोकरी केलेला माणूसही त्या आवाजाने दचकला असता. पुढच्या पाच मिनिटांत निम्मं शहर त्या जिन्यातून गेलं. एक बाई तर खाली जाऊन, काहीतरी विसरल्यासारखं करून, पुन्हा वर आल्या.

मग खालून खुळखुळाट ऐकू आला. कठडे थरथरले, भिंतींचे पोपडे पडले, आता एखादा महाकाय तुरुंगाधिकारी प्रकट होणार म्हणून मी डबा पुढे धरला. प्रकट झाले ते पाच फूट दोन इंचांचे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले गृहस्थ.

“नवीन?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“किल्ली दिली नाहीत माझ्याकडे.”

“तुम्ही कोण हेच मला माहीत नव्हतं!”

“म्हणून काय झालं? द्यायची.” मग त्यांनी खिशातून एक किल्ली काढली. “आधीच्या भाडेकरूंची. परत करायची राहून गेली. खरं तर ही आता चालायला नको. आजच्यापुरती चालवू.”

दुसऱ्या दिवशी मी कपडे घालून तळमजल्यावर रीतसर किल्ली द्यायला गेलो. काकांच्या बाहेरच्या खोलीत एक लांब फळी होती, फळीवर खिळे, खिळ्यांवर किल्ल्या. माझी सदतिसावी. एकाही किल्लीला चिठ्ठी नाही, नंबर नाही.

“चोर आला तर?” काका म्हणाले. “नंबर बघून सरळ वर जाईल. इथे त्याने यावं, बघावं आणि डोकं धरून बसावं.”

काकांनी एकतीस वर्षं टपालखात्यात पत्रं वेगळी करण्याचं काम केलं होतं. न बघता हात योग्य खणात जायचा. तीच विद्या इथे. पण किल्ल्यांचा क्रम मजल्याप्रमाणे नव्हता, विसरभोळेपणाप्रमाणे होता. जो वारंवार बाहेर अडकतो त्याची किल्ली दाराजवळ. जो शहाणा त्याची टोकाला, खिडकीपाशी. कुणी सुधारलं की सरकायचं, बिघडलं की सरकायचं. म्हणजे आज पाठ केलेला क्रम पुढच्या आठवड्यात निरुपयोगी. ही व्यवस्था चोराला कळणार नव्हती हे खरं, पण ती काकूंनाही कळत नव्हती.

“मी लग्न यांच्याशी केलं, खिळ्यांशी नाही,” काकू म्हणायच्या. “मला विचारू नका कुठली कुणाची.”

हे सगळं अकरा वर्षांपूर्वी एका किल्लीवरून सुरू झालं होतं. चौथ्या मजल्यावरच्या आजी एकदा दुपारभर जिन्यात बसून राहिल्या. काका म्हणाले, “एक माझ्याकडे ठेवा.” मग आजींच्या शेजारणीने ठेवली, मग शेजारणीच्या भावाने. काका कुणाकडून काही घेत नसत. चहासुद्धा नाही, चहा प्यायला वर गेले आणि खाली कुणी आलं तर? त्यांचं सगळं आयुष्य त्या ‘तर’मध्ये राहायला गेलं होतं. अंघोळीला ते नळ बारीक सोडायचे, घंटी ऐकू यावी म्हणून. घरातही पायात चपला. स्वतःचं दार दिवसभर सताड उघडं. फिरायला जायचे ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत, कारण तिथून इमारतीचं फाटक दिसतं. तिथे उभे राहून ते पुढच्या रस्त्याकडे बघायचे आणि मागे वळायचे. न्हावी मला एकदा म्हणाला, “आमच्याकडे येतात, पण अर्धी दाढी झाली की उठून बघून येतात.”

काकांची थोरली बहीण सहा तासांच्या गावाला एकटी राहायची. आई गेल्यावर काकांना तिनेच वाढवलं होतं. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि तिचा आवाज असा खणखणीत की आम्हा सगळ्यांना तो आलेलाच असायचा.

“काय रे, निघालास का?”

“पुढच्या महिन्यात, ताई.”

“अकरा वर्षं तुझा पुढचा महिना चाललाय. हे बघ, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याच्या आधी ये. आत्ता तू मला धूसर दिसशील, बरा दिसशील. नंतर स्पष्ट दिसलास तर माझीच निराशा व्हायची.”

हसता हसता ती थांबली. “भीती वाटते रे जरा. ये तू.”

काकांनी फोन खाली ठेवला आणि चष्मा पुसला. जायचं ठरलं. काकू चार दिवस आधीच पुढे गेल्या. “यांचं निघणं होईतो ताईंना नवे डोळे फुटतील,” असं मला सांगून गेल्या.

प्रश्न होता फळीचा. मी म्हणालो, “मी सांभाळतो तीन दिवस.” काकांनी माझी परीक्षा घेतली. तीन किल्ल्या पुढे धरल्या. तिन्ही चुकलो.

“मधली तुमचीच होती,” ते दुःखाने म्हणाले.

शेवटी त्यांनी फाटकावर सूचना लावली: ‘तीन दिवस कृपया कुणी अडकू नये.’ आणि सदतीस किल्ल्या एका पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर घेऊन ते सकाळी आठच्या बसमध्ये बसले. मी सोडायला गेलो होतो. “आता किल्ल्या कशाला नेताय?” मी विचारलं.

“लोकांनी मला दिल्यात. कुठे टाकू?”

बस हलली तेव्हा ते खिडकीतून माझ्याकडे नाही, इमारतीच्या दिशेने बघत होते.

अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला. बस अर्ध्या वाटेवर थांबली होती. घरात माझ्या फोनला धड ऐकू येत नाही, म्हणून मी बोलत बोलत दाराबाहेर आलो.

“सगळं ठीक?”

“उत्तम! तुम्ही काही काळजी...”

खट्.

मग काका हळूच म्हणाले, “तुमचं दार.”

“छे हो! शेजारचं.”

“शेजारच्यांचं ‘टक्’ वाजतं. गॅसवर काय आहे?”

“काही नाही.”

“खरं सांगा.”

“दूध.”

“आलो.”

“काका, तुम्ही ताईंकडे जा! मी कुलूपवाल्याला बोलावतो!” मी ओरडलो, पण फोन बंद झाला होता. बॅटरी वाचवायला बोलणं झालं की ते फोन बंद करून खिशात ठेवत. मी पुन्हा पुन्हा लावला.

कुलूपवाला वीस मिनिटांत आला. एक पत्र्याची पट्टी, एक वाकडी तार. मी घड्याळ बघितलं: दीड मिनिट. जाताना म्हणाला, “या इमारतीतली सगळी लॅचं अशीच आहेत. कधीही बोलवा.” दूध गेलं, पातेलं काळं झालं, ते मी घासलं, दुकानातून दुसरं दूध आणलं आणि चहा करून बसलो.

अडीच वाजता खालून खुळखुळाट ऐकू आला. सदतीस किल्ल्या जिना चढत होत्या, दर मजल्याला थांबून दम खात. मला काय झालं कोण जाणे. किल्ली टेबलावर तशीच टाकून मी बाहेर धावलो, दार ओढून घेतलं आणि तोंड पाडून जिन्यात उभा राहिलो.

काका आले. शर्ट घामाने भिजलेला, दोऱ्याची काडी तुटून चष्मा एका कानावर. त्यांनी न बघता पिशवीत हात घातला. पहिलीच किल्ली लागली. दार उघडलं.

टेबलावर माझा चहा वाफाळत होता.

काकांनी तो बघितला. पातेल्याकडे बघितलं. मग खुर्चीवर बसले.

“चहा गरम आहे,” ते म्हणाले.

“हो.”

त्यांनी तो प्यायला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या घरचा.

“काका, संध्याकाळी पाचची बस आहे,” मी म्हणालो. “मी स्वतः बसवून देतो. पाहिजे तर दाराला दगड लावून ठेवतो.”

“उद्या टाकी धुणार आहेत,” काका कपाकडे बघत म्हणाले. “सगळे गच्चीवर जातील. दारं लागतात.”

ते खाली गेले. थोड्या वेळाने किल्ल्या खिळ्यांना लावल्याचे आवाज एकेक करून आले. संध्याकाळी मी डोकावलो तर माझी किल्ली सदतिसाव्या खिळ्यावर नव्हती. दाराजवळच्या पहिल्या खिळ्यावर होती.

ताईंचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. काकू बरोबर होत्या. ताईंना आता लांबचं नीट दिसतं. काका अजून गेलेले नाहीत.