बाबारावजींचा अंगठा आणि हिरवे स्टार

दुकानात रिकाम्या पिंपांचा ढीग लागतो ना, तसाच किश्श्यांचाही लागतो. टाकवत नाहीत आणि जागा अडवतात! आमच्या व्यापारी मंडळाच्या आहारवर्गाचे तर इतके साठलेत, की आज थोडे बाहेर काढतोच.

वर्ग सुरू झाला तो बाबारावजींच्या पायापायी. हे माझ्या किराणा दुकानाशेजारचे बियाणेवाले. शुगर अशी वाढलेली, की पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "दोन महिन्यांत शुगर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल." अमरावतीतलं आमचं अख्खं मार्केट हादरलं. मंडळाने अकोल्याहूनच एक आहारतज्ज्ञ मॅडम बोलावल्या. दर शनिवारी.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "माहिती तुम्हाला सगळी आहे. आपण सवयी बदलणार आहोत. छोटी छोटी पावलं टाकत!"

टाळ्या पडल्या. मग मंडळातर्फे सर्वांना तळून दह्यात बुडवलेला गिला वडा! अध्यक्ष दादारावजी, स्वतः मिठाईवाले, मॅडमसमोर प्लेट धरून म्हणाले, "घ्या न मॅडम, छोटासाच हाय!"

*

पुढच्या शनिवारी घास बत्तीस वेळा चावायचा धडा. दादारावजी उभे राहिले.

"मॅडम, माह्या तोंडात सातच दात हायेत. सात वेळा चावलं त जमन का?"

*

मग आली वही. जे खाल ते लगेच लिहायचं. पथ्याचं खाऊन लिहिलं की एक हिरवा स्टार, दहा स्टार झाले की बक्षीस. साठीची माणसं त्या चिकटवायच्या स्टारसाठी अशी भांडत, की मॅडमना डबी पर्समध्ये लपवावी लागे!

बाबारावजींची वही बघण्यासारखी. ज्वारीची भाकर, मेथी, काकडी. मॅडम खूश. पान उलटलं, तर पुढच्या आठवड्याचंही लिहून तयार!

"काका, हे काय? हा मंगळवार अजून यायचाय!"

"आमी कामं पेंडिंग ठेवत नाही, मॅडम."

सगळे खो-खो हसले. मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तेवढ्या हसल्या नाहीत. "यायले स्टार देऊ नका, मॅडम," त्या म्हणाल्या. "मले यायचा अंगठा पाहिजे."

त्या दिवसापासून बाबारावजी खरं लिहू लागले. स्टार कमी झाले, पण भाकर खरी झाली.

*

"गोड नजरेआड ठेवा, चांगलं ते हाताशी ठेवा," मॅडमनी एकदा शिकवलं. मला हसू आलं. सातवी शिकलेला माणूस मी, पण ही विद्या तीस वर्षांपासून चालवतोय. फक्त उलटी! क्रीमची बिस्किटं गल्ल्याजवळ, लेकरांच्या डोळ्यांसमोर. डाळी-फुटाणे मागच्या खोलीत.

मी हे वर्गात कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, "मग शेटजी, उद्या गल्ल्याजवळ फुटाणे!"

ठेवले. बाबारावजी येता-जाता मूठ भरून नेऊ लागले. बिस्किटांच्या एजंटने मात्र माझ्याशी बोलणंच सोडलं!

*

दोन महिने झाले. शुगर उतरली, जखम भरत आली. डॉक्टर म्हणाले, "असंच सांभाळलं तर अंगठा वाचला समजा."

मंडळाने लगेच सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला. पण आपल्याकडे पेढा भरवल्याशिवाय सत्कार होतो कुठे? दादारावजींनी स्वतःच्या दुकानातून डबा आणलेला. तीस सभासद स्टेजपुढे रांगेत, प्रत्येकाच्या हातात एकेक पेढा! मॅडम "अहो, अहो" म्हणत उठल्या, पण माइक दादारावजींच्या हातात.

"नाही म्हनू नका, बाबारावजी! मंडळानं मान देल्ला तुमाले!"

बाबारावजींनी काकूंकडे पाहिलं. शांतपणे चप्पल काढली. पट्टी बांधलेला पाय उचलला आणि सरळ टेबलावर, पेढ्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

"मान द्या न, पन याले भरवा. खातो मी, अन् कटते हा!"