कणी न बांधलेला पतंग
मैद्याच्या खळीचा वास आला की मला आखातातल्या सोहारच्या कामगार कॅम्पमधली ती संक्रांत आठवते. सुट्टीचा शुक्रवार होता, खोलीतले सगळे बाजारात गेले होते आणि मी एकटाच खजुराच्या झावळीच्या काड्या तासून पतंग करत बसलो होतो. घरी कामं वाटलेली असायची. बाबा कामट्या तासायचे, मी कागद चिकटवायचो. पतंग झाला, पण मांजा जिला जोडतात ती दोऱ्याची कणी काही जमेना. शेवटी गावी फोन लावला. “बाबा, कणी कशी बांधायची हो?”  बाबा म्हणाले, “मला कुठं येते रे? ती तुझी आई बांधायची.” आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाहेर समुद्राकडून छान वारा सुटला होता. पुढे मी कणी बांधायला शिकलो. तिथून आणून कपाटावर ठेवलेल्या त्या पतंगाला मात्र अजून बांधलेली नाही.