पुलाच्या अलीकडे

दत्तूभाऊ कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी दारात उभे राहून डोक्यातला कापूस झटकायचे. परतूरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ते फिटर होते. पन्नाशीचा हा माणूस जेवणाच्या सुट्टीत माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेम खेळायला यायचा, याची मला फार गंमत वाटायची.

गेम ठरलेला. दोन शिपाई, एक आपण चालवायचा, दुसरा सोबती. गावामागून गाव ओलांडत जायचे. दत्तूभाऊ एका गावापर्यंत आले आणि तिथेच राहिले. पुढे नदीवर पूल होता, पण तिकडे ते फिरकतच नसत. सोबत्याला घेऊन विहिरीवर जात, पडक्या घरांतून हिंडत आणि सुट्टी संपली की गेम सेव्ह करून उठत. असे कित्येक महिने चालले.

एकदा माझाच धीर सुटला. "अहो दत्तूभाऊ, गोष्ट पुढे न्या की!" म्हणत मी मध्येच हात घातला आणि शिपायाला पुलाकडे नेले. सोबती पुढे धावला, स्फोट झाला, पूल त्याच्यासकट कोसळला. गेममध्ये तसेच लिहिलेले होते. कोणीही खेळा, तो मरायचाच.

दत्तूभाऊ पांढरे पडले. "मला ठावं व्हतं सर. पयल्याच दिशी पाह्यलं व्हतं." त्यांनी माउस बाजूला सारला. "आमचा नाम्या, लहाना भाऊ. दुधना नदीला पानी आल्तं. म्या म्हन्लं, पुलावरून तू हो पुढं, मी आलोच. तो गेला. मी अलीकडंच राह्यलो."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वेगळा गेम लावून दिला. अख्खे शहर मोकळे, हवे तिकडे जा, गोष्टीची सक्ती नाही. अर्धा तास त्यांनी गाडी फिरवली. "बिलकुल मोकळं हाय. पन इथं माझी वाट पाह्यनारं कुनी न्हाई." मग त्यांनी आपला जुना सेव्ह उघडला. सोबती विहिरीपाशी उभा होता. "गोष्ट गेमवाल्यांची असंल सर," ते म्हणाले, "थांबनं तर आपल्या हातात हाय ना?"

पुढच्या हंगामात छातीत कळ येऊन दत्तूभाऊ गेले.

क्लास बंद करताना मी त्यांचा कॉम्प्युटर लावून पाहिला. तेच गाव, तीच विहीर. मी कशालाच हात लावला नाही. थोड्या वेळाने सोबत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. आपण थांबलो की तो तसे पाहतो, हे मला माहीत होते. तरी अंगावर काटा आला.

बाकीचे कॉम्प्युटर विकले. तो एक घरी ठेवला आहे. घेणारा नाम्याला पुलावर नेईल.