खुर्चीतून उठायचं नाही

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. बहिणीला तर नाहीच. ती नांदेडला असते, दर रविवारी फोन करते, आणि दर रविवारी हे ओठांपर्यंत येऊन परत जातं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय. हाही भित्रेपणाच म्हणायचा का? असेल.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आई तिथं एकटी राहायची. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ती नर्स म्हणून लागली, आणि सगळी नोकरी तिनं वाड्या-वस्त्यांवर पायी फिरून केली. वडील लवकर गेले. आम्हा दोघांना तिनं शिकवलं, मला तर अमेरिकेपर्यंत पोचवलं. निवृत्तीनंतरही ती रोज चार-पाच किलोमीटर चालायची. हे चालणं लक्षात ठेवा.

आम्ही इकडं घर घेतलं. आम्ही बौद्ध. नव्या घरात बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावून वंदना घेतात, पंचशील म्हणतात. आईनं फोनवरच ठणकावलं की वंदना तीच घेणार. त्यासाठी नवी पांढरी साडी घेतली. तिकिटाचं माझ्याकडं होतं.

हैदराबादहून निघायचं आणि मधे विमान बदलायचं. एका आखाती देशाची सरकारी विमानकंपनी होती. तिची एक सोय होती — त्यांचा देश दोन खंडांच्या मधे पडतो, तर प्रवाशानं हवं असल्यास तिथं एक दिवस थांबावं, शहर बघावं, मग पुढं जावं. नको असेल तर दोन तासांत पुढचं विमान. ते धरलं असतं तर आई शनिवारी दुपारी आमच्या घरात असती. मी दुसऱ्या दिवशीचं धरलं. बायकोला आणि आईला सांगितलं, शनिवारचं मिळालंच नाही.

मिळत होतं.

मग का केलं असं? आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? शनिवारी संध्याकाळी नव्या घरात पार्टी होती. गावातली दहा-बारा मराठी कुटुंबं येणार होती. बायको म्हणाली होती, आई आल्यावरच ठेवू. मी म्हटलं, सगळ्यांना सांगून झालंय. माणसं चांगली होती. पण माझ्या आडनावावरून काही कळत नाही, आणि सहा वर्षं मीही त्यांना काही कळू दिलं नव्हतं. ‘लातूरचे म्हणजे नेमके कुठले तुम्ही?’ असं कुणी आडून विचारलं की मी दुष्काळाचा विषय काढायचो. आणि आई? आई दारात उभी राहून प्रत्येकाला हात जोडून म्हणाली असती — जय भीम. ती सगळ्यांनाच म्हणायची. दूधवाल्याला, डॉक्टरला, शेजारच्या चाचांना. त्या दोन शब्दांवर तिनं मला वाढवलं. ते मला माझ्याच हॉलमध्ये नको होते.

झालं, सांगितलं — असं वाटलं होतं. पण हे अर्धंच आहे.

त्या थांब्यात हॉटेलची खोली होती, जेवण होतं, न्यायला-आणायला गाडी होती. फक्त एक फॉर्म भरायचा होता. पण त्याची पोच घरच्या ईमेलवर आली असती, बायकोनं वाचली असती, आणि हा थांबा मी मागून घेतलाय हे उघडं पडलं असतं. मी फॉर्म भरला नाही. एक खोटं झाकायला आईची खोली काढून घेतली.

त्याऐवजी चाकाची खुर्ची मागवली. इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांसाठी आपले लोक ती सर्रास मागवतात, पाय चांगले असले तरी. खुर्ची ढकलणारा बरोबर विमानापाशी नेतो, चुकायची भीती नाही. आईला पटेना.

“पाय धड असताना लंगडीचं सोंग करू? खोटं हाय रे ते.”

मी वैतागलो. म्हटलं, खुर्चीतून उठायचं नाही, उठलीस तर तिथनंच परत पाठवतील. दोन तासांसाठी सगळीच मुलं असं सांगतात. मी एकवीस तासांसाठी सांगितलं.

पार्टी छान झाली. कुणीतरी विचारलं, आई कधी येणार? म्हटलं, उद्या, सध्या वाटेत मुक्काम आहे, मजा आहे तिची. सगळे हसले. मीही हसलो.

रविवारी आई खुर्चीतच बाहेर आली. चपला मांडीवर होत्या. मला वाटलं, अजून सोंग चाललंय. हसत म्हटलं, ऊठ आता. तिला उठता येईना. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

गाडीत मात्र ती खुशीत होती.

“एकदा बी उठले न्हाई बघ. पाणी बी पिले न्हाई, पिलं की उठावं लागतंय. लातूरच्या बाईला पाण्यावाचून ऱ्हायचं काय नवल?”

बायकोला रडू आलं. मी गाडी चालवत राहिलो.

संध्याकाळी आईनं फ्रिज उघडला. उरलेला पुलाव, गुलाबजाम, अर्धा केक.

“लई मान्सं आली होती व्हय?”

मी हो म्हटलं. कधी, कोण, काही तिनं विचारलं नाही. दार लावलं आणि बाहेर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं वंदना घेतली. ती एकेक शील म्हणायची, मागून आम्ही. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मीही म्हटलं, आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

चार दिवसांनी एक मराठी जोडपं तिला भेटायला आलं. सुजलेल्या पायांनी आई दारापर्यंत गेली. हात जोडले, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली — नमस्कार.

जन्मात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला हायसं वाटलं.

ती लातूरला परतली. फोन ठेवताना जय भीम म्हणायची तिची रीत होती. त्यानंतर ती आधी थांबायला लागली. “कुनी हाय का रे जवळ?” विचारायची. मी नाही म्हटलं की मगच, हळू आवाजात, म्हणायची. आणखी तीन वर्षं जगली, तीन वर्षं विचारत राहिली. असू दे कुणीही, मोठ्यानं म्हण — एवढं मी तिला एकदाही म्हटलं नाही.