कावळ्याला दिलेला शब्द

आईच्या दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवेना. पिंड ठेवून अर्धा तास झाला तरी कठड्यावर तीन कावळे नुसते बसून. मग नेहमीप्रमाणे गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल ते आठवून शब्द देणं सुरू झालं.

दादा म्हणाला, "आई, नातवाचं लग्न थाटात लावून देतो."

कावळे ढिम्म.

मावशी पुढे झाली. "बाये, गावाक जावचा रवला मां तुजा? मी जावन येतंय तुज्यासाठी."

मग मी म्हटलं, "आई, तुझी लालबागची खोली विकणार नाही."

एक कावळा खाली उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

"कावळ्याकपण लालबाग सोडवत नाय," मावशी म्हणाली. दादाने खोलीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने त्या गिऱ्हाइकाला नकार कळवला.

झोप लागत नाही म्हणून मी वर्षभर हिंदमाताजवळ एका मनोविश्लेषक बाईंकडे जात होते. त्या फारच कमी बोलतात. त्या गुरुवारी मी हा प्रसंग त्यांना सांगितला, थोडा रंगवूनच.

"खोली आईंना हवी होती?" त्यांनी विचारलं.

"अर्थात."

त्या गप्प राहिल्या. अशा शांततेत मला काहीतरी काम काढावंसं वाटतं, पण तिथे काम नसतं. मग आठवलं. गेली कित्येक वर्षं आई म्हणत होती, हे जिने मला मारणार, खोली विका आणि लिफ्टच्या इमारतीत न्या. दर वेळी मीच विषय बदलायचे.

आपली इच्छा कित्येकदा दुसऱ्याच्या आवाजात बोलते, असं बाई पूर्वी एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा मला ती पुस्तकी बडबड वाटली होती. आता दादा माझी इच्छा आईची म्हणून पाळत होता.

रविवारी सकाळी परळला त्याच्याकडे गेले.

"आईला खोली नको होती. मला हवी आहे."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मग तसं का नाही बोललीस?"

"आईचं म्हटलं की तू ऐकतोस."

"आणि तुझं नाही ऐकलं तर?"

"तर विकशील."

"तुला काय करायचीय ती? दहा बाय बाराची खोली."

"दार लावून एकटीने बसायचंय," मी म्हटलं. बोलल्यावरच मला ते कळलं.

त्याने कप पुन्हा हातात घेतला.

"पोरगा म्हणतो लग्नच करणार नाही," तो म्हणाला. "थाट मलाच हवा होता. माझ्या लग्नात बँडसुद्धा नव्हता."

"मग कावळा तुझ्या वेळी उतरला नाही ते बरंच झालं."

तो हसला. "खोलीची किल्ली तुझ्याकडेच आहे ना? राहू दे सध्या. विकायचं मी पुन्हा विचारीन. तेव्हा आईला मध्ये आणू नकोस."