गोल झाल्यावरची घाई

गोल झाला तरी ती नाचली नाही. जाळीतून बॉल स्वतः उचलून मध्यरेषेकडे पळाली, कारण अजून एक गोल हवा होता. इटलीच्या या स्ट्रायकरची शेवटची मॅच मी फोनवर पाहत होते. तिचे क्लब एकामागून एक बंद पडले, हे कॉमेंटेटरने एका वाक्यात उरकलं. आता ती घरी मुलांना वेळ देईल, यावर मात्र तो बराच रेंगाळला.

काका डोकावले. "लई भारी मारला की! पोरगा असता तर नाव काढलं असतं."

"काका, ती देशासाठी खेळते."

"तेच म्हणतोय की गं."

बायकांच्या खेळात ही घाई कुठून येते, ते मला कळतं. वेळ नेहमी दुसऱ्याने दिलेला असतो. उद्या कोल्हापुरात आमची मुलींची फायनल आहे. पुरुषांच्या मॅचला गर्दी जमेपर्यंत दहा-दहा मिनिटं खेळा, असं स्पर्धा भरवणाऱ्या काकांच्या कमिटीने ठरवलंय. चार दिवस मी यावर मनातल्या मनात चिडतेय.

"काका, उद्या आम्ही पूर्ण वेळ खेळणार."

"मग मोठी मॅच उशिरा सुरू करू व्हय?"

"करा," मी म्हणाले. शब्द मागे घेतला नाही.