भाजलेल्या मातीला विरजण

भोंगवलीहून निघताना दाराला कडी घातली आणि हात तिथंच थांबला. 'जपून जा' म्हणायला आत कुणी नव्हतं. माघात बायको गेली. दर वैशाखात ती वेल्ह्याकडं लेकीचा राब भाजायला जायची (राब म्हणजे भाताचं रोप वाढवायचा तुकडा, त्यावर शेण, पाला, गवत पसरून जाळतात). ती तिकडचीच, तिला ते जमायचं. मी ज्वारीच्या मुलखातला. तरी लेकीचा, येसूचा, निरोप आला, "आबा, तुमी तरी या."

किकवीपर्यंत चालत, तिथून एस्टीनं चेलाडी फाटा, पुढं पायी. विंझरच्या अलीकडं चपलेचा अंगठा तुटला. डोंगर वणव्यानं काळा पडलेला, पाय चटकत होते. एक धनगर शेरडं घेऊन उभा होता.

"सगळं जळालं की रं तुझं."

त्यानं काठीनं राख उकरली. "बगा बाबा, बोटभर खाली मुंग्या फिरत्यात. गवताचा जाळ पळता असतो. बसत न्हाई."

खालची माती खरंच गार होती.

वाडीवर पोचलो तर राब भाजून झालेला, आणि बायामाणसं मयताला उभी राहावीत तशी उभी. जावई तापानं पडलेला. पाला तोडायला माणूस नाही, म्हणून येसूनं ऐनाचे ओंडके रचले होते. जाळ तिथंच बसून राहिला. मधली माती विटेसारखी लाल, कडेची करडी. येसूनं करड्या मातीवर तांब्या ओतला. पाण्याचे गोळे होऊन घरंगळले. मातीनं थेंब घेतला नाही.

"एवढाच तुकडा हाय," विहीणबाई म्हणाल्या. "रोप न्हाई आलं तर औंदा लावायचं काय? सरण रचल्यागत ओंडकं घातलं हिनं!"

येसू माझ्याकडं बघेना.

"इहीणबाई, सरण म्या रचलंय माघात," मी म्हणालो. "ते कसं असतं मला सांगू नका."

मी राबात वाकलो.

मूठभर माती हुंगली. मातीचा वास मेलेला. आमच्याकडं वीटभट्टीच्या जागेवर असंच झालं होतं. बांधाची जिवंत माती कालवली, तेव्हा कुठं गवत धरलं. पण त्याला लई दिवस गेले. इथं पाऊस आमच्यासाठी थांबणार नव्हता.

"मातीला विरजण लावू."

"दही हाय व्हय ते, इवाय?" विहीणबाई म्हणाल्या. पण पाटी आधी त्यांनीच उचलली.

लाल माती खरवडून टाकली. बांबूच्या बेटाखालची कुजकट माती आणून उरलेल्या मातीत कालवली, शेणाचं पाणी शिंपलं, वर पाला झाकला. येसूनं एका कोपऱ्यात मूठभर भाताचं बी टाकून बघितलं. नाचणीची भाकरी, करवंदाची चटणी समोर यायची, ती अर्धी टाकून मी राबाकडं जायचो. रोज पाला उचलायचो. काही नाही.

"दुधात सारकं बोट घातलं तर दही लागंल का?" विहीणबाई खेकसल्या. "झाका ते!"

आठवड्यानं पाल्याखाली पांढरे तंतू दिसले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. पाणी ओतलं, ते मातीनं ओढून घेतलं. मातीचा वास परत आला. कोपऱ्यात भाताच्या हिरव्या सुया उभ्या होत्या. येसू मटकन खाली बसली आणि "आये गं" म्हणून रडली. माघात ती रडली नव्हती.

निघताना विहीणबाईंनी लोटी हातात दिली, तोंडाला पान बांधलेली. "घरचं विरजण मोडलं तुमचं, येसू म्हनत हुती. मातीला लावलंत, आता दुधाला लावा."

घरी कडी काढली. माघापासून शेजारची भाकरी खात होतो. तिच्या चुलीला मी हात लावला नव्हता. माघातला तो जाळ माझ्यात किती खोल बसलाय, मला ठाऊक नाही. शेजाऱ्याकडं ठेवलेली गाय आणून पिळली, चूल पेटवली, काटक्या बारीकच घातल्या. दूध कोमट झाल्यावर विरजण लावलं, वर झाकण ठेवलं.

मग बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आत बसलो असतो, तर झाकण उचललं असतं.